आक्काच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं?

भोगावतीकर

मंडळी, बरीच वर्षं इथं नुसता वाचत होतो, आज लिहायला बसलोय.

आषाढात आमची आक्का गेली. आक्का म्हणजे माझी आजी, वडिलांची आई. पण वडील, चुलते, आत्या, अख्खी गल्ली, डेअरीचा सेक्रेटरी, सगळेच तिला आक्का म्हणायचे, म्हणून आम्ही नातवंडंही. कागदावर वय ब्याऐंशी. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, म्हणजे काय ते तुमच्या ध्यानात आलं असेल. विचारलं की सांगायची, "बेंदराच्या तोंडाला झालो, पाऊस लई हुता." (आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल 'आलो, गेलो, झालो'च म्हणतात. पुण्याच्या वहिनीच्या कानाला हे दोन वर्षं खटकायचं. आता तीच फोनवर "मी उद्या येतो" म्हणते.)

मृत्यूची नोंद करायला गेलो. फॉर्मवर मयताच्या व्यवसायाचा एक रकाना असतो. समोरच्या माणसानं विचारलंसुद्धा नाही, 'घरकाम' लिहून पुढच्या रकान्यावर गेला. मीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर त्या वेळी दुसरा शब्द मलाही सुचला नसता. गाडीला किक मारली आणि मग डोक्यात चक्र सुरू झालं.

आक्का पहाटे चारला उठायची. उठल्या उठल्या गोठा. शेण भरायचं, वैरण टाकायची, दोन म्हशींची धार काढायची, दूध डेअरीला धाडायचं. मग चूल. जोंधळ्याच्या भाकऱ्या, घरची आठ माणसं आणि रानात बायका असतील तर त्यांच्याही. नऊला डोक्यावर बुट्टी घेऊन रानात. भांगलण असो, उसाची लावण असो, भाताची मळणी असो, दिवसभर वाकलेली. येताना डोक्यावर वैरणीचा भारा. संध्याकाळी परत धार, परत चूल. आजोबा 'शेतकरी' होते. सातबाऱ्यावर त्यांचं नाव, सोसायटीत त्यांचं नाव, कारखान्याच्या शेअरवर त्यांचं नाव. डेअरीच्या कार्डावरही त्यांचंच, आणि ते आयुष्यात एकदाही म्हशीखाली बसले नाहीत. आजोबा वाईट नव्हते बरं का. पद्धतच तशी होती.

आक्काचं नाव सातबाऱ्यावर आलं २००९ साली. आजोबा गेले, वारस नोंद झाली, तेव्हा. कपाळावरचं कुंकू पुसल्यावर.

हे सगळं इथं लिहायचं दुसरं कारण अगदी साधं आहे. आक्का गेल्यापासून तिची म्हैस दूध चोरते. गंगी नाव. ज्येष्ठात व्यालेली, सकाळी चार लिटर सहज द्यायची. आता आई खाली बसली की लिटरभर देते आणि वर चढवून धरते. रेडकू सोडून झालं, सरकी पेंड वाढवून झाली. कुणाला काही उपाय माहीत असेल तर सांगा.

पेठेतला

भावा, वाचून गप्प झालो. आक्कांना नमस्कार.

म्हशीचं मला विचारू नकोस. आमचा म्हशीशी संबंध कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यापुरता. पेला पुढं करायचा, डोळ्यांदेखत धार पडते, फेसासकट प्यायचं. तिथल्या पंढरपुरी म्हशी रस्त्याच्या कडेला, हॉर्नच्या आवाजात, कुणाहीसमोर पान्हा सोडतात. तुझी गंगी मानी दिसते.

माहेर_गगनबावडा

दादा, तुम्ही उसाची लावण आणि भांगलण लिहिलीत. आमच्याकडं या, भाताची रोप लावण बघा. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्या गगनबावड्यात. माझी आई जुलैचा महिना पोटरीभर चिखलात काढायची. डोक्यावर इरलं, पुढं कमरेत वाकलेली. इरलं पाठ झाकतं, पण हातपाय दिवसभर पाण्यात. रात्री बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असायच्या, कातडी पांढरी पडून सोललेली. मग सगळ्या बायका मेंदीचा पाला वाटून पायाला थापायच्या. मला लहानपणी वाटायचं, आई नटते. मी पण हट्टानं लावून घ्यायची. मेंदी कशासाठी असते हे लग्नानंतर, पहिल्या लावणीला कळलं.

आणि पैरा. आज तुमच्या रानात आम्ही, उद्या आमच्या रानात तुम्ही. मजुरीचा रुपया कुठं दिसत नाही, त्यामुळं तो कुठल्या हिशेबातही नाही. पण कुणाकडं किती दिवस गेलो आणि कुणाचे किती फिटायचे आहेत हे आईला तोंडपाठ. वही नाही, काही नाही. एकदा शेजारणीशी एका दिवसावरून बोलणं बंद झालं ते गौरीपर्यंत.

कुंभीकाठ

भोगावतीकर, गंगीवर उपाय आहे. हसू नका. आक्कांचं एखादं न धुतलेलं लुगडं आहे का घरात? ते नेसून बसायचं. म्हैस वासावर आणि आवाजावर चालते. आमच्या चुलतीला बाळंतपणाला माहेरी पाठवलं तेव्हा चुलत्यानं दीड महिना लुगडं नेसून धार काढली. पैलवान गडी, तालमीत जाणारा. गल्लीतली पोरं भिंतीवर चढून बघायची. म्हशीनं मात्र एक दिवस नखरा केला नाही.

आक्का धार काढताना काय बोलायच्या ते आठवा. तेच बोला.

दूधगंगा_९०

लुगडं वगैरे ठीक, पण आधी जनावरांच्या डॉक्टरला बोलवा. कास दगडी झालेली नाही ना ते बघू दे. आणि कुणी पान्ह्याचं इंजेक्शन सुचवलं तर त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवा.

शंकासुर

सगळं छान आहे, पण मला अशा धाग्यांची थोडी भीतीच वाटते. बाई मेली की ती देवी होते. जिवंत असताना सगळ्यात शेवटी जेवायची, तव्यावरची करपलेली भाकरी तिच्या ताटात, आणि आपण म्हणणार 'काय तो त्याग'. तिला विचारलं होतं का कुणी?

दुसरं. सातबाऱ्याचं दुःख मांडलंत. मग २००९ साली वारस नोंदीत तुमच्या आत्यांची नावं आली होती का? आली असतील तर अजून आहेत का?

पेठेतला

शंकासुर, माणूस सुतकातनं आत्ता उठलाय. जरा दमानं.

भोगावतीकर

नाही, विचारू दे. बरोबर विचारलंय.

आत्या दोन. दोघींची नावं लागली आणि वर्षाच्या आत दोघींनी हक्कसोड करून दिली. आमच्याकडं सगळ्याच घरांत असं होतं, म्हणून मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. कायदा मुलींच्या बाजूनं आहे हे सगळ्यांना माहीत. पण भाऊ तुटेल, माहेर तुटेल, गौरीला कुणाच्या दारात जायचं, ही भीती कायद्यापेक्षा मोठी. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. सहीच्या आदल्या दिवशी दोघी आत्या घरी आल्या होत्या. कागद वाचून झाला, तशी आक्का "च्या ठेवतो" म्हणून उठली. चहा आईनंच आणला. आक्का गोठ्यात होती, म्हशीला खरारा करत. अंधार पडेपर्यंत आत आली नाही. तिला काय वाटत होतं ते मी तेव्हा विचारलं नाही. नंतर पंधरा-सोळा वर्षं मिळाली, तेव्हाही नाही.

आणि हो, शेवटी जेवायची. पण उपाशी राहणारी नव्हती. चुलीच्या जाळाशी तिची एक वाटी असायची झाकलेली, साय आणि गूळ. त्याला हात लावला तर मार. माझा मार खाऊन झालाय.

सांगलीकरीण

जमिनीवरून आठवलं. नव्वदच्या सुरुवातीला शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. नवऱ्यानं जिवंतपणी बायकोच्या नावावर जमीन करायची. आमच्या तात्यांनी अर्धा एकर आजीच्या नावावर केली. गावात चेष्टा झाली, "तात्या, आता भाकरीला विचारून जावं लागंल." ते म्हणाले, "आधी पण विचारूनच जात हुतो."

पण खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या एकरात काय पेरायचं हे शेवटपर्यंत तात्याच ठरवायचे.

चिपाड

गुऱ्हाळाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आमचं गुऱ्हाळ होतं, २००३ पर्यंत. नंतर परवडेना, सगळा ऊस कारखान्याला.

गुऱ्हाळ म्हटलं की लोकांना गुळव्या आठवतो, जळव्या आठवतो. गुळव्या काहिलीपाशी उभा, पाकाचा थेंब पाण्यात टाकून गोळी बघणारा, त्याचा मान मोठा. जळव्या चुलवाणाच्या तोंडाशी. पण चुलवाणात जातं काय? चिपाड. ते वाळवतं कोण? घाण्यातून निघालेलं ओलं चिपाड बुट्टीत भरायचं, माळावर पसरायचं, उलटायचं, वाळलं की गोळा करून चुलवाणापाशी आणून टाकायचं. ओलं चिपाड गेलं तर जाळ बसतो, आधण लांबतं, गूळ काळा पडतो. म्हणजे अख्खा गूळ आईच्या आणि तिच्यासोबतच्या चार बायकांच्या हातात. त्यांचे हात उसाच्या कुसांनी कायम चिरलेले. मीठ लागलं की कळ मस्तकात जायची, तरी त्याच हातांनी खर्डा वाटायच्या.

आईला लांबून वासावर कळायचं. माळावरनंच ओरडायची, "उतरा गा आता, लागंल!" आमचा गुळव्या चिडायचा, पण काहील उतरवायला लावायचा. गुळाचे तीस किलोचे रवे कोल्हापूरच्या बाजारात सौद्याला जायचे तेव्हा वडील फेटा बांधून जायचे. आई कधीच गेली नाही. २०१४ ला कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात गुळव्यांचे फोटो आले होते. मी आईला दाखवले. ती म्हणाली, "ह्यो गूळ लई पिवळा दिसतोय. हायड्रॉस हाणलाय." म्हणजे रंग उजळायची पावडर. विषय संपला.

माहेर_गगनबावडा

😄 आमच्या आईचंही तेच. पिवळाधमक गूळ दिसला की नाक मुरडते. भेंडीच्या चिकानं मळी काढलेला तांबूस गूळच तिला खरा वाटतो.

नदीपल्याड

मी प्रयाग चिखलीचा. २०१९ चा पूर सगळ्यांना आठवत असेल. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३, आणि तेव्हा पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. आमच्याकडं पाणी येणं नवं नाही, १९८९ आणि २००५ आई-वडिलांनी बघितलेलं. त्यामुळं लोक निवांत राहिले, इथंच चुकलं.

बोट आली तेव्हा आईनं पहिला प्रश्न विचारला, "म्हशीचं काय?" बोटीत म्हैस बसत नाही. आई बसली नाही. चार म्हशींची दावी कापली, एकीचा कासरा हातात धरला आणि छातीभर पाण्यातून उंचावरच्या रस्त्याकडं निघाली. बाकीच्या तीन मागनं पोहत आल्या. तिला पोहता येत नाही. मी तेव्हा पुण्यात, फोन लागत नव्हता. तिसऱ्या दिवशी कळलं की ती शाळेत आहे आणि डेअरीची गाडी कुठपर्यंत येते याची चौकशी करतेय.

नंतर पंचनामा झाला. घर, भांडी, धान्य सगळं लिहून घेतलं. वाचवलेल्या म्हशींचा पंचनामा होत नाही.

कुंभीकाठ

शेवटचं वाक्य वाचून उठून एक चक्कर मारून आलो.

पेठेतला

भोगावतीकर, एक विचारू? अंत्यविधी गावातच केलात का? आमच्याकडं पंचगंगेच्या स्मशानात शेणीच (गोवऱ्या) वापरतात. महापालिका मोफत दहन करते, आणि होळीला पेठेतली मंडळं शेणी गोळा करून दान देतात. पण त्या शेणी लावणाऱ्या बायका कुठल्या गावच्या, हा विचार आज पहिल्यांदा मनात आला.

भोगावतीकर

गावातच. आमच्याकडंही शेणीच.

आक्का दर उन्हाळ्यात परड्यात शेणी लावायची. शेणात चिपाडाचा भुगा कालवायचा, दोन्ही हातांनी गोळा उचलायचा, जमिनीवर थप्पकन टाकून तळव्यानं फिरवायचा. प्रत्येक शेणीवर पाच बोटं उमटलेली. वाळल्या की गोल हुडवी रचायची, वरून पाल्यानं शाकारायची. गॅस आल्यावर चूल फक्त पाण्याला आणि भाकरीला उरली, तरी हुडवी काही लहान झाली नाही. आई म्हणायची, "आता एवढ्या कशाला?" आक्का म्हणायची, "लागत्यात."

आषाढातला पाऊस, लाकूड ओलं. हुडवी फोडली. आत सगळं खडखडीत. निम्मी तिलाच लागली.

शंकासुर

भोगावतीकर, माझा सूर तिरकस होता. पण प्रश्न मागं घेत नाही. आत्यांशी बोला.

भोगावतीकर

बोलणार आहे. काय बोलायचं ते अजून ठरत नाही. थोरल्या आत्याला परवा फोन केला होता, तर तिनं पहिल्यांदा विचारलं, "गंगीनं दूध सोडलं का?"

तर ते सांगतो.

डॉक्टर येऊन गेले. कास ठीक आहे म्हणाले, म्हैस घाबरलीय, हात बदलू नका. मग कुंभीकाठ यांचा उपाय. आईनं आक्काचं लुगडं नेसायला सपशेल नकार दिला. कारण विचारलं तर म्हणाली, "पस्तीस वर्षं तिच्या हाताखाली काढली, आता तिच्या लुगड्यात पण जाऊ?" मी हसलो, ती हसली नाही.

मग वडील तयार झाले. एसटीत नोकरी करून रिटायर झालेला माणूस, धार काढणं पोरवयातच सुटलेलं. पहाटे पाचला पँटवरनंच लुगडं गुंडाळलं, डोक्यावर पदर घेतला, कासांडी गुडघ्यात धरून खाली बसले. गंगीनं मान वळवून बघितलं. वडील गप्प. मी खुणावलं, बोला की. त्यांना बोलवेना. आक्का रोज धार काढताना म्हशीला काल दिवसभरात काय काय झालं ते सांगायची. कुणाकडं पाहुणे आले, कोण भांडलं, कारखान्याचं बिल कधी निघणार. लहानपणी आम्हाला गावच्या बातम्या गोठ्याच्या भिंतीआडूनच कळायच्या.

शेवटी वडिलांनी घसा खाकरला आणि हळू आवाजात सुरू केलं, "काल बँकेत गेलो हुतो. तिथं म्हणत्यात, केवायसी करा." गंगीनं कान हलवला. "दोन फोटो पायजेत म्हणत्यात."

तिसऱ्या वाक्याला पान्हा सोडला. तीन लिटरला थोडं कमी.

आठ दिवस झाले, वडीलच धार काढतात. लुगडं आता नुसतं खांद्यावर टाकलं तरी चालतं. परवा डेअरीत फॅट ७.१ लागली तर पावतीचा फोटो मला पाठवला. पावतीवर नाव अजून आजोबांचंच येतं. ते बदलून आईच्या नावावर करायचा अर्ज दिलाय. दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्याच पैशातनं आक्का मीठ-तेलापासून माझ्या इंजिनिअरिंगच्या मेसपर्यंत सगळं भागवायची, आणि दिवाळीला दूध दराचा फरक मिळाला की प्रत्येक नातीला पैंजण. आता ते पैसे आईच्या खात्यात येतील. वडील म्हणाले, "धार मी काढतो की." आई म्हणाली, "पस्तीस वर्षं काढा, मग बघू."

सांगलीकरीण

काकूंना माझा नमस्कार सांगा! 🙏

जाता जाता एक. तुमच्या आक्कांच्या चटणीचं प्रमाण मिळेल का? एवढ्या सगळ्यात चटणीचा विषय निघाला नाही म्हणजे कोल्हापूरचा धागा पुरा कसा व्हायचा.

भोगावतीकर

आईला विचारलं. प्रमाण तिच्याकडंही नाही. आक्का मिरच्या आणायची संकेश्वरी आणि ब्याडगी, एक तिखटाला, एक रंगाला. खोबरं, तीळ, धने चिपट्यानं मोजायची. पण लसूण आणि मीठ ओंजळीनं, आणि ओंजळ टाकताना कुणी बघितलेलं तिला चालायचं नाही. वैशाखात कांडून आणायची, वर्षाची बरणी भरायची.

या वैशाखातली बरणी अजून निम्मी आहे. मी आईला म्हटलं, जपून वापरूया, आक्काच्या हातची शेवटची.

आई म्हणाली, "संपू दे लवकर. मीठ लई असतंय हिच्यात. पुढच्या वैशाखात मी माझ्या हातची करणार."